मुलाला वाक्य कळले की नुसता प्रसंग?

आपण दाराशी उभे राहून "चल, बूट घाल" म्हणतो, बूट समोरच असतात आणि मूल ते घालते. पण एवढ्यावरून त्याला वाक्य कळले असे म्हणणे घाईचे ठरेल. सुमारे ७ टक्के मुलांमध्ये आढळणाऱ्या 'डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर' या भाषाविकारात मुले पुष्कळदा प्रसंगावरून अंदाज बांधतात, त्यामुळे अडचण बरीच वर्षे लपून राहू शकते. ऐकण्याची तपासणी मात्र सर्वांत आधी करून घ्यावी.

घरी पडताळायचे असेल तर दोन खेळणी मांडावीत आणि त्यांच्याकडे न पाहता, हातवारे न करता म्हणावे, "मांजराला कुत्र्याने ढकलले, दाखव बरं." येथे अर्थ सर्वस्वी 'ला' आणि 'ने' यांवर अवलंबून आहे. ज्या मुलाच्या कानातून हे प्रत्यय निसटतात, ते आधी ऐकू आलेल्या मांजरालाच ढकलायला लावते. अगदी लहान वयात अशा चुका सगळीच मुले करतात, शिवाय दोनच पर्याय असल्याने उत्तर नशिबानेही बरोबर येते. म्हणून कर्ता-कर्म आलटून पालटून बरीच वाक्ये, वेगवेगळ्या दिवशी विचारावीत.

बोललेला शब्द कागदासारखा समोर थांबत नाही. त्यातून मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, म्हणजे तोवरची सगळी नामे प्रत्ययांसह मनात धरून ठेवावी लागतात, आणि या मुलांची नेमकी तीच पकड अनेकदा कच्ची असते. "मांजराने ओरबाडलेला कुत्रा दे" हे वाक्य म्हणूनच जड जाते. त्याऐवजी "एक कुत्रा आहे. त्याला मांजराने ओरबाडले. तो कुत्रा दे," असे तोडून सांगावे. "दप्तर भरण्याआधी पाणी पी" ऐकून मूल दप्तराकडे धावत असेल, तर घडण्याच्या क्रमानेच बोलावे: "आधी पाणी पी. मग दप्तर भर."

सोपे करण्याच्या नादात "बाळ, दूध, पी" असे प्रत्यय गाळलेले बोलणे मला चुकीचे वाटते, कारण जे निसटते तेच आपण काढून टाकतो. सांगून झाल्यावर मनात पाच आकडे मोजावेत. प्रतिसाद नाही आला तर आवाज न चढवता तेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा म्हणावे. लगेच शब्द बदलले की मुलापुढे नवेच वाक्य येते. "कळलं का?" विचारण्यात अर्थ नाही, मान डोलतेच.

गोंधळ टिकून राहिल्यास स्पीच थेरपिस्टकडे जाताना "ऐकतच नाही" अशी तक्रार नेण्यापेक्षा आपण म्हटलेले वाक्य आणि मुलाने केलेली कृती, दोन्ही जशीच्या तशी लिहून न्यावीत.