भाडेकरूसकट घर विकताना

मी घर विकायला काढलंय हे माझ्या भाडेकरूला एजंटकडून कळलं. दार वाजलं, त्याने उघडलं, तर दोन अनोळखी माणसं टेप घेऊन खोल्या मोजायला आलेली. रात्रपाळी करून तो नुकता झोपला होता. संध्याकाळी फोनवर एवढंच म्हणाला, "ताई, आधी सांगायचं होतंत." पुढचे तीन आठवडे त्याला घर दाखवायला एकही वेळ सोयीची पडेना. चूक माझीच होती.

म्हणून जाहिरात देण्याआधी स्वतः जाऊन सांगा. त्याला मुख्य काळजी एकच असते, आपल्याला घर कधी सोडावं लागणार? गोलमोल बोललात तर तो सगळं वाईटच धरून चालतो. जाताजाता "तुम्हालाच घ्यायचंय का?" हेही विचारा. घरात कुठे ओल येते ते त्याला ठाऊकच असतं, तेवढी लपवाछपवी तरी वाचते.

जाण्याआधी भाडेकरार काढून वाचा. मुदत किती उरली, नोटीस किती दिवसांची, मध्येच विक्री झाली तर काय, हे तिन्ही बघायचं. मालक बदलला म्हणून मुदतीचा करार सहसा आपोआप मोडत नाही. नवा मालक जुन्याच्या जागी येतो. पण भाडेकरूच्या संरक्षणाचे नियम जागोजागी वेगळे असतात, तेव्हा करार घेऊन एकदा वकिलाकडे बसाच.

आता गिऱ्हाईक. भाड्याच्या उत्पन्नासाठी घेणाऱ्याला वेळेवर भाडं देणारा भाडेकरू हवाच असतो. त्याला भाडं जमा झाल्याच्या नोंदी दाखवा. स्वतः राहायला येणाऱ्याला मात्र रिकामा ताबा लागतो, आणि इथेच लोक फसतात. इसाराचे पैसे समोर दिसले की "अमुक तारखेला घर रिकामं देतो" असं लिहून मोकळे होतात. भाडेकरू त्या तारखेला निघाला नाही तर अडकता तुम्ही, तो नाही. आधी त्याची तारीख लेखी घ्या, मग आपली द्या, आणि मध्ये थोडे दिवस हाताशी ठेवा. मुदतीआधी निघायला तो तयार असेल तर सामान हलवायचा खर्च द्या किंवा भाडं सोडा. तेही कागदावर, आणि पैसे किल्ल्या हातात आल्यावर. पाणी-वीज तोडून माणूस काढण्याच्या युक्त्या सुचवणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका, प्रकरण तुमच्यावरच शेकतं.

घर दाखवायचं आमचं शेवटी असं ठरलं: फक्त शनिवारी, 11 ते 1, आदल्या दिवशी फोन करून, आणि मी स्वतः हजर. त्याच्या मुलांचे फोटो, कपाटं जाहिरातीत येणार नाहीत हेही कबूल केलं. या त्रासापोटी दोन महिने भाडं थोडं कमी घेतलं. त्यानंतर शनिवारी घर आवरलेलं असायचं.

सौदा पक्का होण्याआधी एक कागद करा: भाडं किती, कुठपर्यंत भरलंय, डिपॉझिट किती, तोंडी काय कबूल केलंय, घरातली कोणती वस्तू कोणाची. खाली भाडेकरूची सही. आमच्या कागदात गीझर त्याचा निघाला. मी तो आपलाच धरून गिऱ्हाईकाला गीझरसकट घर दाखवलं होतं!

खरेदीखताच्या वेळी डिपॉझिट कोणाकडे गेलं ते स्पष्ट लिहून घ्या. मी ते विक्रीच्या रकमेतून वळतं केलं आणि परत करायची जबाबदारी आता नव्या मालकाची, असं तिघांच्या सहीने लिहिलं. चालू महिन्याचं भाडं खरेदीच्या तारखेप्रमाणे वाटून घेतलं.

आणि त्याच दिवशी भाडेकरूला पत्र द्या: नवा मालक कोण, भाडं कोणत्या तारखेपासून कोणत्या खात्यात भरायचं. मी हे पत्र आठवडाभर उशिरा दिलं. तोवर पुढच्या महिन्याचं भाडं माझ्याच खात्यात येऊन पडलं होतं.