केपीटी, हायकोकी आणि ग्राइंडरची पारख

पॉवर टूल्सची चर्चा बहुतेक वेळा बॉश आणि मकिता यांच्यापाशीच थांबते. परंतु कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळची केपीटी ही कंपनी आणि 2018 मध्ये हिताची हे नाव सोडून पुढे आलेली हायकोकी ही कंपनी यांच्या यंत्रांविषयीही सविस्तर लिहिले गेले पाहिजे. त्यांचा अँगल ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चकतीने धातू किंवा दगड कापणारे-घासणारे हातयंत्र, घेताना केवळ वॅटच्या आकड्यावर विसंबू नये, कारण तो बहुधा मोटर किती वीज खेचते एवढेच सांगतो. त्याच मॉडेलचे कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे) आणि आर्मेचर (मोटरचा तो फिरता भाग) जवळपास मिळतात का, हे आधी विचारावे. मग यंत्र रिकामे चालवून आवाज ऐकावा आणि प्लग काढून स्पिंडल, म्हणजे चकती बसवायचा दांडा, हाताने हलवून पाहावा; तो डगडगत असेल तर यंत्र परत करावे. डिस्कवर, म्हणजे चकतीवर, छापलेला कमाल आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) यंत्राच्या आरपीएमपेक्षा कमी असता कामा नये, यात तडजोड नको. यंत्राविषयी अभिप्राय लिहिताना काम कोणते होते आणि ब्रश केव्हा बदलावे लागले, हे अवश्य नोंदवावे.