भरदुपारी लाँग एक्सपोजर: वेल्डिंगच्या काचेला दोष देण्याआधी या चुका टाळा

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून ढगाळ दुपारी दोन मिनिटांचं एक्सपोजर दिलं, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं ठेवलं, की पाण्यावरच्या बारीक लाटा पुसल्या जातात, मंदिराकडे चालत जाणारी माणसं दिसेनाशी होतात आणि ढगांचे लांब पट्टे उमटतात. त्यासाठी महागडा एनडी फिल्टरच (लेन्सवर लावायची, प्रकाश कमी करणारी काळपट काच) हवा असं नाही. हार्डवेअरच्या दुकानातली वेल्डिंगची काळी काच पुरते. पण पहिले फोटो हिरवेगार, धूसर किंवा मधोमध पांढुरका डाग पडलेले निघतात आणि काच बाद ठरते. यातला हिरवेपणा तेवढा काचेचा, बाकीचं बहुतेक आपल्या हातून बिघडलेलं असतं.

काच घेताना नंबर आणि आकार बघा

काचेच्या कोपऱ्यात शेडचा, म्हणजे गडदपणाचा नंबर असतो. एक स्टॉप अडवला म्हणजे प्रकाश निम्मा झाला. ८ नंबर साधारण १० स्टॉप प्रकाश अडवतो, ९ नंबर साडेअकरा, १० नंबर जवळपास १३ आणि ११ नंबर १४. कडक उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) ला काचेशिवाय कॅमेरा १/२५० सेकंद सांगत असेल, तर ८ नंबरला ४ सेकंद, १० नंबरला सुमारे ३३ सेकंद आणि ११ नंबरला मिनिटाहून थोडं जास्त लागतं. ढगाळ हवेत हेच आकडे चौपट-आठपट होतात. ढग ओढायचे तर १० नंबर घ्या. ८ नंबरच्या चार सेकंदांत पाणी जेमतेम मऊ होतं.

छापील नंबरावर पूर्ण विसंबू नका. सावलीतल्या भिंतीचा एक फोटो काचेशिवाय काढा, मग काच लावून हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) जुळेपर्यंत वेळ दुप्पट करत जा. जितक्यांदा दुप्पट केलं तितके स्टॉप. तो आकडा टेपवर लिहून काचेच्या कडेला चिकटवा.

१०८ × ५१ मिमीची अरुंद पट्टी ५८ मिमी व्यासाच्या लेन्सला पुरत नाही, कोपरे काळे येतात. १०८ × ८२ मिमीची काच मागा.

काच लावून फोकस करू नका

काच लागली की ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख आणि ऑटोफोकस आंधळा. आधी फ्रेम, मग फोकस, मग लेन्सचा स्विच मॅन्युअलवर, मग काचेशिवाय मीटरचं रीडिंग आणि सगळ्यात शेवटी काच. काच धरणारं रबर बँड फोकस रिंगवरून नेलं तर ताणताना रिंग फिरते आणि जमवलेला फोकस जातो. बँड रिंगच्या मागे घ्या.

एक्सपोजरचा वेळ कमी पडतोय म्हणून एफ/२२ वर जाऊ नका. डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) चित्र मऊ पडतं आणि सेन्सरवरची धूळ ठिपक्याठिपक्यांनी दिसते. एफ/८ ते एफ/११ योग्य.

पांढुरका डाग आणि उलटी अक्षरं

ही चूक सगळ्यात जास्त फोटो बिघडवते. काच सपाट आणि लेन्सची कड गोल, त्यामुळे दोन्हींमध्ये मिलिमीटरभर फट राहते. पाठीमागचं ऊन त्या फटीतून शिरतं, काचेच्या आतल्या बाजूवर आपटतं आणि परत लेन्समध्ये येतं. समोरून येणारा प्रकाश हजारो पट कमी झालेला असल्याने एवढीशी गळतीही डाग पाडते. कधी लेन्सच्या कडेवर छापलेली पांढरी अक्षरं फोटोत उलटी वाचता येतात.

स्टेशनरीच्या दुकानातली काळी फोम शीट घ्या, लेन्सच्या मापाचं गोल भोक पाडा आणि ती काचेच्या मागे चिकटवा. अक्षरांवर काळी इन्सुलेशन टेप लावा. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडरही झाका, तिथूनही प्रकाश आत येतो. कॅमेऱ्यावर छत्रीची सावली धरली तर आणखी चांगलं.

हिरवा रंग ऑटोवर सोडू नका

काच लाल आणि निळा प्रकाश जास्त खाते. फोटो रॉमध्येच (सेन्सरची कच्ची फाइल) काढा. उन्हात पांढरा कागद ठेवा, काच लावूनच त्याचा फ्रेमभर फोटो घ्या, उजेड मध्यम ठेवा आणि तो फोटो कॅमेऱ्याच्या कस्टम व्हाइट बॅलन्ससाठी (पांढरा कोणता ते कॅमेऱ्याला सांगणं) निवडा. एवढ्याने स्क्रीनवरचा हिरवेपणा बराच उतरतो, पण लाल चॅनल उपाशीच राहतो. म्हणून एकत्र हिस्टोग्राम न बघता लाल, हिरवा, निळा वेगवेगळे बघा आणि हिरवा उजव्या टोकाला फुटणार नाही इतकं एक्सपोजर वाढवा. नाहीतर नंतर लाल ओढून वर आणताना आकाशात दाणे येतात. तरीही त्वचा किंवा दगड मातकट दिसत असतील तर कृष्णधवल करा, चांगलं दिसतं.

ऊन, वारा आणि बटण

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि तापलेला सेन्सर लाल-निळे ठिपके सोडतो. दोन फोटोंमध्ये कॅमेरा सावलीत ठेवा. कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू केलं तर दोन मिनिटांच्या फोटोनंतर आणखी दोन मिनिटं थांबावं लागतं. कॅमेरा बिघडला समजून बंद करू नका.

तलावाकाठी वारा असतो. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, ट्रायपॉडची मधली दांडी वर उचलू नका, लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हातातला हलका कंप कमी करणारी सोय) बंद करा. बहुतेक कॅमेऱ्यांत ३० सेकंदांपुढे बल्ब मोड (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) आणि रिमोट लागतो. रिमोट नसेल तर बटणावर छोटा खडा ठेवून रबर बँडने दाबा, पण त्याआधी लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरा आणि हादरा थांबल्यावर काढा.

काचेऐवजी फ्लॉपीची चकती आणि एक्स-रे फिल्म टाळा, त्यातून प्रकाश पसरतो आणि तपशील धूसर होतो. काचेऐवजी दोन पोलरायझर (एकाच दिशेचा प्रकाश सोडणारे, फिरवता येणारे फिल्टर) जोडायचे असतील तर पुढचा लिनिअर प्रकारचा हवा. सर्क्युलर लावला तर कितीही फिरवा, काळोख होत नाही.

सूर्य फ्रेममध्ये असेल तर १० नंबरच्या काचेतूनही व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका, ती सूर्य बघण्याइतकी गडद नाही. मंदिर परिसरात किंवा भुईकोट किल्ल्यात ट्रायपॉड उभा करण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. आणि आकाश निरभ्र असेल तर ढगांचा नाद सोडून वाटेवरच्या गर्दीवर कॅमेरा लावा. चालणारे पुसले जातात, पण बोलत उभे राहिलेले अर्धपारदर्शक उमटतात. त्यांच्यासाठी एकाच जागेवरून तीन-चार फोटो काढून नंतर एकत्र करा.