नम्र व्हायचंय? मग आधी आपले पाय धुऊ द्यायला शिका

नम्र कसं व्हायचं असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, हळू बोल, मान खाली घाल, कोणी कौतुक केलं की लगेच 'छे छे, मी कसला' म्हण. हे सगळं करूनही माणूस आतून तितकाच ताठ राहू शकतो. आणि 'माझ्यासारखा पापी कोणी नाही' असं चारचौघांत सारखं सांगत फिरणारा, त्याचंही लक्ष स्वतःवरच की. येशूचा प्रेषित पौल याने कलस्सै गावच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या बायबलमधल्या पत्रात (2:23) असल्या दिखाऊ लीनतेचा समाचार घेतलाच आहे, त्यामुळे ते नाटक सोडून बाकी काय जमतंय ते बघू.

सगळ्यात अवघड ते आधी. दुसऱ्याला आपल्यासाठी काहीतरी करू द्यायचं. बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान, अध्याय 13 उघडा. येशू जेवणावरून उठतो, वरचे कपडे काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुवायला लागतो. त्या काळी लोक धुळीच्या रस्त्याने चालून यायचे, पाय धुणं म्हणजे घरातल्या दासाचं काम, आणि येशूला शत्रूंच्या हाती धरून देणारा शिष्य यहूदा अजून उठून गेलेला नव्हता हेही लक्षात घ्या. पेत्र नावाच्या शिष्याची पाळी आली की तो म्हणतो, तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. ऐकायला किती नम्र वाटतं! पण खरं तर तो प्रभूलाच सांगतोय की काय करायचं आणि काय नाही. त्यावर उत्तर येतं, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही.

म्हणून आजारपणात कोणी जेवण आणून दिलं, अडचणीत कोणी 'पैसे देऊ का' विचारलं, किंवा आपल्यापेक्षा लहान कोणी 'थांबा मी दाखवतो' म्हणालं, तर 'नको नको, मी मॅनेज करतो' हे तोंडातून निघायच्या आत थांबा. हो म्हणा, थँक्यू म्हणा, आणि मनातल्या मनात लगेच परतफेडीचा हिशोब मांडू नका. देणाऱ्याचा हात वर असतो म्हणून आपल्याला देणं आवडतं, घेताना खरी परीक्षा होते.

मग प्रार्थना. लूक 18 मध्ये येशू दोघांच्या प्रार्थनेची गोष्ट सांगतो, एक परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, आणि एक जकातदार, म्हणजे लोक पापी समजायचे असा करवसुली करणारा. त्यातला परूशी खोटं बोलत होता असं कुठेही म्हटलेलं नाही, आठवड्यातून दोनदा उपास आणि सगळ्या उत्पन्नाचा दशांश, करत असेलच तो. गडबड एकाच वाक्यात आहे, मी या जकातदारासारखा नाही म्हणून तुझे आभार. जकातदार बिचारा लांब उभा राहून ऊर बडवत फक्त दया मागतो आणि नीतिमान ठरून घरी जातो. तर आपल्या प्रार्थनेत दुसऱ्याचा विषय निघाला की तो त्याच्यासाठी निघालाय की आपण बरे आहोत हे देवाला दाखवायला, एवढं चेक करा. (आणि ही गोष्ट वाचून 'बरं झालं, मी त्या परूशासारखा नाही' असं वाटलं तर झालंच!)

दानधर्माबद्दल मत्तय 6 मध्ये स्पष्ट आहे, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. फोटो काढू नका, विषय संपला. कौतुक झालं तर ते नाकारत बसू नका, त्याने अजून दोन वाक्यं कौतुकच मिळतं. थँक्यू म्हणा, ज्याने खरंच हातभार लावला त्याचं नाव घ्या, पुढे चला.

आता एक गैरसमज, नम्र म्हणजे सगळं निमूट सोसणारा. नाही हो. येशूला पकडून नेल्यावर यहुदी महायाजकासमोर शिपायाने तोंडात मारली तेव्हा त्याने सरळ विचारलं, मी बरोबर बोललो असलो तर मला का मारतोस (योहान 18:23). आणि फिलिप्पै गावात पौलाला आणि त्याच्या सोबत्याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं, सकाळी अधिकारी म्हणाले गुपचूप जा, तर पौल म्हणतो आम्ही रोमन नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं (प्रेषितांची कृत्ये 16). याच पौलाने पुढे याच गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लिहिलं की लीनतेने दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना. त्यामुळे घरात किंवा मंडळीत कोणी तुमचा छळ करून वर 'नम्र राहा' असं सुनावत असेल तर ते मुळीच ऐकू नका, बोला, मदत घ्या.

रोजच्या सरावासाठी मला 6व्या शतकातला ख्रिस्ती संन्यासी बेनेडिक्ट याच्या मठाच्या नियमांतली एक गोष्ट फार आवडते. नम्रतेच्या 12 पायऱ्या तिथे आहेतच, पण स्वयंपाकघराचा नियम जास्त कामाचा, सगळ्यांनी आठवड्याच्या पाळीने राबायचं आणि पाळी संपवणाऱ्याने व नवीन येणाऱ्याने मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. तसंच आपणही कोणी मोजत नाही असं एक काम धरा, खुर्च्या उचलणं, संडास धुणं, काहीही. एक आठवडा करा, कोणाला सांगू नका, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याने ते तुमच्यापेक्षा वाईट केलं तरी मागून जाऊन परत नीट करायला जाऊ नका.