पीएस-२ वर गेम लॅनवरून चालवा, पेनड्राइव्ह विसरा

जुन्या प्लेस्टेशन २ (पीएस-२) ची डिस्क वाचणारी लेन्स थकली की लोक पेनड्राइव्ह लावतात आणि व्हिडिओ अडखळला की कन्सोलला नावं ठेवतात. दोष यूएसबी १.१ चा, त्याचा वेग सेकंदाला जेमतेम १२ मेगाबिट. लॅन पोर्ट, म्हणजे नेटवर्क केबलचा, १०० मेगाबिटचा आहे, तो वापरा; गेम पीसीवर ठेवायचे, कन्सोल ते केबलवरून वाचतो. स्लिममध्ये पोर्ट आतच असतो, जाड मॉडेलला वेगळा नेटवर्क ॲडॉप्टर लागतो.

फ्री एमसीबूट (कन्सोलवर बाहेरचे प्रोग्राम सुरू करू देणारं सॉफ्टवेअर) घातलेलं मेमरी कार्ड आणि त्यावर ओपन पीएस२ लोडर (डिस्कशिवाय गेम चालवणारा प्रोग्राम), कन्सोलकडे एवढं पुरे. मात्र ९०००० मालिकेतला स्लिम घेताना जपून; त्यातल्या उशिराच्या मशीनवर फ्री एमसीबूट चालत नाही.

खरी गोची पीसीकडे. लोडर फाइल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल एसएमबी १ बोलतो, नव्या विंडोजमध्ये तो बंद असतो. रोजच्या कामाच्या पीसीवर तो उघडू नका, सुरक्षेला भोक पडतं. माझ्याकडे पीसीऐवजी जुन्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर सांबा (फाइल शेअर करणारं सॉफ्टवेअर) आहे, किमान प्रोटोकॉल एनटी१, म्हणजे एसएमबी १ च, ठेवलेला. शेअरमध्ये ‘डीव्हीडी’ आणि ‘सीडी’ फोल्डर, नावं इंग्रजी कॅपिटलमध्ये. आत स्वतःच्या डिस्कच्या आयएसओ, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत असलेल्या फाइल. कन्सोलला स्थिर आयपी द्या.

लॅन केबल पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळते. घासाघीस करा, पण आधी केबलच्या टोकाची क्लिप तपासा!