११ केव्ही (११ हजार व्होल्ट) लाइनवरचं काम: शिकाऊ वायरमनला शिकवताना या चुका टाळा

खांबावर कसं चढायचं हे नव्या पोराला सगळेच शिकवतात. चढण्याआधी खाली काय करायचं, ते मात्र घाईत उरकलं जातं.

एबी स्विचचं (खांबावरून लाइन तोडणाऱ्या स्विचचं) हँडल ओढलं म्हणजे लाइन बंद झाली, हा पहिला गैरसमज. गंजलेल्या स्विचमध्ये हँडल पूर्ण फिरतं, पण एखादं ब्लेड अडकून राहतं. तिन्ही ब्लेडं उघडलेली डोळ्यांनी बघायची, हँडलला कुलूप लावायचं आणि चावी काम करणाऱ्याच्या खिशात ठेवायची. परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवून काम करायची परवानगी, लेखी घ्यायचं. ‘अकरा ते बारा बंद ठेवा’ असं फोनवर ठरवलं आणि काम लांबलं, तर ऑपरेटर बाराला लाइन चालू करणारच. ज्याच्या नावावर परमिट, त्यानेच ते परत करायचं.

सगळ्यात जास्त हयगय होते ती डिस्चार्ज रॉडची, म्हणजे बंद तार जमिनीला जोडून अर्थिंग करणाऱ्या दांड्याची. उपकेंद्रातून लाइन बंद असली तरी उलटा पुरवठा येऊ शकतो. कुणी चेंजओव्हर स्विचशिवाय (जनरेटर आणि लाइन एकाच वेळी जोडू न देणारा स्विच) जनरेटर जोडलेला असतो. ती वीज एलटीतून (कमी दाबाच्या लाइनीतून) रोहित्रात शिरते आणि ११ केव्हीच्या बाजूला हजारो व्होल्ट उभे राहतात. म्हणून अर्थिंग कामाच्या दोन्ही बाजूंना हवं, एका बाजूला करून भागत नाही.

क्रम पाठच करून घ्या. आधी ११ केव्हीचा टेस्टर चालू लाइनवर तपासा, मग आपल्या लाइनवर लावा, मग पुन्हा चालू लाइनवर. त्यानंतर रॉडची वायर आधी जमिनीच्या बाजूला जोडा आणि मगच हुक तारेवर टाका. काढताना उलट: आधी तार, शेवटी जमीन. क्लॅम्प गंजावर किंवा रंगावर बसवला तर तो नुसता शोभेला. आधी पत्रा खरवडा. कोरड्या मुरमात वीतभर खुंटी ठोकूनही उपयोग नाही. खोल ठोका, पाणी ओता.

हातमोजे ‘रबरी आहेत ना’ म्हणून चालत नाहीत. क्लास ० चा मोजा १००० व्होल्टपर्यंतच. १७ केव्हीपर्यंत क्लास २. घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळून हवा कोंडा आणि कुठे सुटते का बघा.

एकाच खांबावर दोन फीडर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वेगवेगळ्या लाइनी) असतील, तर कुठला बंद आहे ते शिकाऊ पोराकडून बोट दाखवून वदवून घ्या. आणि बेल्टला लटकलेल्या माणसाला खाली उतरवण्याचा सराव यार्डातल्या खांबावर करून घ्या, फळ्यावर चित्र काढून नव्हे. तो श्वास घेत नसेल, तर छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची.