बाईंडिंग करताना हात कसे सांभाळायचे

पुस्तकबांधणी शिकायला आलेल्या पोराला खळ कशी शिजवायची, फर्मे (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) कसे शिवायचे, पुठ्ठ्यावर कापड कसं ओढायचं हे सगळं दाखवलं जातं, पण हात कुठे ठेवायचा हे बहुतेक वेळा पहिलं रक्त आल्यावरच सांगतात. ते आधी सांगायला हवं म्हणून हे लिहितेय. पणजी, म्हापसा, मडगावला छोटी छोटी बाईंडिंगची दुकानं आहेत, काहीजण घरीच भजनाच्या वह्या नि जुन्या पोथ्या बांधतात, त्या सगळ्यांना उपयोग व्हावा.

एक गोष्ट सगळ्यात आधी डोक्यात बसवा. कापणाऱ्या हाताला सहसा जखम होत नाही, जखम होते ती धरणाऱ्या हाताला. उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या जखमा डाव्या हातावर असतात, अंगठ्याच्या बाजूला, तर्जनीच्या टोकाला, तळव्यात. म्हणून कुठलंही हत्यार उचलायच्या आधी धरणारा हात कुठे आहे ते बघायचं आणि पातं घसरलंच तर कुठे जाईल ते बघायचं, आणि ती वाट मोकळी करायची. डावखुरे असाल तर हेच उलटं धरा.

आता कटर. पुठ्ठा कापताना पट्टी स्टीलचीच घ्या आणि जाड घ्या, प्लास्टिकच्या किंवा पातळ पट्टीवर पातं चढतं आणि थेट बोटावर येतं. धरणाऱ्या हाताची बोटं पट्टीच्या मधोमध, कडेपासून आत, अंगठा तर अजिबात बाहेर लोंबता नको. एका दमात पुठ्ठा आरपार करायला जाऊ नका, पहिली रेघ हलकी मारा मग तीन-चार वेळा त्याच रेघेतून फिरवा, जोर लावावा लागतोय म्हणजे पातं बोथट झालंय आणि बोथट पातंच जास्त कापतं कारण ते घसरतं. पात्याचा तुकडा मोडायचा असेल तर पक्कड वापरा, तोंड दुसरीकडे करा, आणि मोडलेले तुकडे झाकणाला फट पाडलेल्या डब्यात टाका, कचऱ्याच्या पिशवीत टाकलेत तर कचरा उचलणाऱ्याचा हात जातो. कटर टेबलावरून पडला तर पडू द्या, झेलायला जाऊ नका. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे हाताला जो घाम सुटतो त्याने मूठ सटकते, म्हणून जवळ सुकं फडकं ठेवा आणि मध्ये मध्ये हात पुसा.

चामडं पातळ करायची रापी हे वेगळंच प्रकरण आहे. रापी पुढे ढकलायची असते, त्यामुळे चामडं धरणारा हात कायम पात्याच्या मागे हवा, पुढे कधीच नको. पावसाळ्यात चामडं ओल धरतं, मऊ पडतं आणि ताणलं जातं, मग रापी अडकते आणि अडकलेली सुटताना झटक्याने सुटते. अशा दिवसांत चामडं आधी नीट सुकवून घ्या, खाली जाड काच किंवा दगड आणि चामडं क्लॅम्पने टेबलाला घट्ट, म्हणजे धरायचीच गरज उरत नाही.

टोच्याने भोकं पाडताना बरेचजण फर्मा हातात धरून मागून बोटाचा आधार देतात. हे बंद करा. पुठ्ठा मधोमध दुमडून व्हीसारखी घडी करा, त्यात उघडा फर्मा ठेवा आणि वरून खाली टोचा. टोच्याची जखम दिसायला बारीक, रक्तही फारसं येत नाही, पण आत खोल घाण जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोट सगळंच सुजलं, आपोआप वाकलेलं राहतंय आणि सरळ करायला गेलं की कळ मारते, असं झालं तर आजचा दिवस काढू म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, बोटाच्या आतल्या नळीत पू झाला तर बोट कायमचं आखडू शकतं.

कटिंग मशीनबद्दल मी कडकच बोलणार. फक्त पातंच नाही, कागद दाबणारी पट्टी पण बोट चिरडते, आणि ती आधी येते. दोन बटणं दोन हातांनी दाबायची सोय असते ती याचसाठी, म्हणजे पातं खाली येताना दोन्ही हात बाहेरच असतात. काही ठिकाणी एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतात, काम पटकन होतं म्हणून. असं मशीन असेल तर त्यावर काम करू नका, मालकाला सांगा, आणि तुम्हीच मालक असाल तर आत्ता जाऊन ती चिकटपट्टी काढा. मशीनवर एकावेळी एकच माणूस, दुसरा गठ्ठा सरकवायला आला की पहिल्याला त्याचा हात दिसत नाही. आपल्याकडे पावसात लाईट जाते नि येते, तेव्हा लाईट गेली की लगेच मेन स्विच बंद करायचा, नंतर आठवेल म्हणून ठेवायचं नाही, कारण तुम्ही आत अडकलेला कागद काढत असता आणि तेवढ्यात लाईट येते. पातं बदलणं हे सगळ्यात धोक्याचं काम आहे, ते पातं लांब असतं, जड असतं, साधे हातमोजे सहज चिरून जातं, म्हणून ते लाकडी पट्टीला स्क्रूने बसवूनच काढायचं आणि मोकळं कधीच फिरवायचं नाही. तारेच्या स्टिचिंग मशीनवर मात्र एकच गोष्ट, कागद नीट करताना पाय पॅडलवरून खाली.

खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, अजून कितीतरी ठिकाणी घालतात. मोरचूद विष आहे. खळीचं पातेलं वेगळं, त्यावर खूण, आणि ते परत स्वयंपाकघरात जाता कामा नये, घरी काम करणाऱ्यांनी हे फार सांभाळायला हवं कारण पोरं बोट बुडवतात. काम थांबवून जेवायला बसताना साबणाने हात, नखांच्या आतूनसुद्धा. सरस कायम पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवा, साधारण 60 ते 65 डिग्री पुरे, थेट आगीवर जळतो आणि उडतो. परफेक्ट बाईंडिंगचा (न शिवता पानांची पाठ गोंदाने चिकटवायची बांधणी) गरम गोंद दीडशेच्या वर असतो आणि तो कातडीला चिकटून राहतो, म्हणून भाजलं तर आधी वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं, आणि चिकटलेला गोंद ओढून काढायचा नाही, कातडी सोबत येते, ते काम डॉक्टरवर सोडा. थिसीसच्या काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं छापायचं मशीन पण असंच भाजतं, स्विच बंद केल्यावरही बराच वेळ.

जुनी पुस्तकं दुरुस्तीला येतात तेव्हा वेगळे धोके येतात. गोव्याच्या दमट हवेत बुरशी लागलेलं पुस्तक उघडलं की पांढरी भुकटी उडते, एन-95 मास्क लावा, दार-खिडकी उघडी ठेवा, पंखा पुस्तकावर नको. माळ्यावर किंवा पावसाचं पाणी घुसलेल्या खोलीत ठेवलेल्या कागदांवर उंदरांचं मूत असू शकतं आणि लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा आजार) कापलेल्या, चिरलेल्या कातडीतून आत शिरतो, म्हणून असा ओला गठ्ठा उघड्या जखमेने हाताळू नका, नायट्राईलचे हातमोजे घाला, आणि नंतर ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर डॉक्टरला उंदरांच्या कागदाचं सांगा, ते स्वतःहून विचारतील असं नाही. पोर्तुगीज काळापासून घरात असलेल्या युरोपियन पुस्तकांत 19व्या शतकाच्या मध्यातलं चमकदार हिरवं कापड दिसलं तर जपून, त्या रंगात आर्सेनिक असू शकतं. अमेरिकेत विंटरथर म्युझियम आणि डेलावेअर विद्यापीठ 2019 पासून अशी पुस्तकं शोधून काढतायत. असं पुस्तक घासू नका, ओलं करू नका, वेगळ्या प्लास्टिक पिशवीत ठेवा, आणि पान उलटायला बोट ओलं करायची सवय तर कुठल्याच जुन्या पुस्तकाला नको.

आता ज्या दुखापतीला रक्त येत नाही ती. शिवताना दोरा करंगळीला गुंडाळून खेचला की करंगळी चिरते, दोऱ्याला मेण लावा, बोटाला पट्टी गुंडाळा आणि दोरा पुस्तकाच्या पाठीला समांतर सरळ ओढा, वर उचलून नाही, वर ओढला की कागद पण फाटतो. घडी दाबताना सगळा जोर अंगठ्याच्या बुडावर येतो, तिथे किंवा मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुखत राहिलं तर घडी दाबायची पट्टी मुठीत धरायला शिका म्हणजे जोर दंडातून येतो. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येते तर मनगटातली नस दाबली जातेय, ते वाढू देऊ नका. कॉलेजच्या थिसीस एकदम येतात तेव्हा माणूस दिवसभर एकच काम करत बसतो, त्यापेक्षा थोडं शिवायचं, थोडं कापायचं, थोडं चिकटवायचं, हात बदलत राहतो. खळीने नि कागदाने हात कोरडे पडून भेगा पडतात, रात्री कोकमाचं तेल थोडं गरम करून चोळा, भेगा बुजतात.

कापलंच तर: स्वच्छ कापडाने घट्ट दाबा, हात छातीच्या वर, दहा मिनिटं सलग, मध्ये उघडून बघायचं नाही. अंगठी असेल तर लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही. हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट काहीही भरू नका, टाके घालणाऱ्याला आत काय कापलंय ते दिसत नाही. रक्त थांबलं की प्रत्येक बोटाचा प्रत्येक सांधा वाकवून बघा आणि टोकाला स्पर्श कळतो का बघा. वाकत नसेल किंवा बधिर असेल तर जखम अर्ध्या इंचाची असली तरी आत स्नायूची दोरी किंवा नस तुटलीय असं समजा आणि नुसते टाके घालून घरी येऊ नका, बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जा. बोटाचा तुकडा पडला तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, ते पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात, थेट बर्फावर नाही, आणि 108 ला फोन. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते दुकानाच्या भिंतीवर प्रत्येकाच्या नावापुढे लिहून ठेवा, खोल किंवा घाण जखमेला पाच वर्षं झाली असतील तर परत घ्यावं लागतं आणि त्या गडबडीत कोणालाच तारीख आठवत नाही.